वस्तीवरची कार्तिकी

वारकऱ्याच्या वर्षात वाऱ्या चार. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. त्यांत आषाढीचा थाट मोठा खरा, पण कार्तिकीची गोडी निराळी. आषाढीला डोक्यावर पाऊस असतो आणि मनात पेरणीची काळजी. कार्तिकीला खरीप घरात आलेला असतो, रब्बी रानात उगवलेली असते, आकाश धुऊन काढल्यासारखे स्वच्छ असते. चार महिन्यांच्या निद्रेतून भगवंत जागे होतात, म्हणून या शुद्ध एकादशीस प्रबोधिनी म्हणतात. पुढे वद्य एकादशीस आळंदी. त्रयोदशीस ज्ञानोबारायांचा समाधिदिन. शके १२१८, म्हणजे सन १२९६ मध्ये याच तिथीस माउली समाधिस्थ झाली. अमावास्या सरली की मार्गशीर्ष लागतो. गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना, महिन्यांमध्ये मार्गशीर्ष तो मी, असे भगवंतांनी अर्जुनास सांगितले आहे.

आता बारा महिन्यांत मार्गशीर्षच का बरे? श्रावण का नव्हे? चैत्र का नव्हे? या प्रश्नावर आम्ही कीर्तनातून पुष्कळ बोललो आहोत. लोकांनी माना डोलावल्या, आम्हांसही आपण सांगितले ते बरे सांगितले असे वाटले. परंतु त्या प्रश्नाचे थोडेसे उत्तर आम्हांला मिळाले ते फडावर नव्हे. एका वर्षी वारी चुकून वस्तीवर अडकून पडलो, तेव्हा मिळाले. ते जसे घडले तसे आज वाचकांच्या पायी ठेवतो. त्यात आमची शोभा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमची वस्ती मंगळवेढ्याच्या बाजूच्या काळ्या रानात. चार खण घर, गोठा, एक लिंब, दारी तुळस. भोवताली नजर जाईल तिकडे शाळू आणि हरभरा. पंढरी तिथून पायी एका दिवसाची वाट. आमच्या वडिलांची कार्तिकी कधी चुकली नाही. त्यांच्या मागे आम्ही धरली, तीही सव्वीस वर्षे अखंड. हा आकडा आम्हांला तोंडपाठ होता, येथेच सगळे आले! वारी करावी, मोजू नये. मोजू लागला की तो माळेचा मणी राहत नाही, तिजोरीतले नाणे होते.

सत्ताविसाव्या वर्षी आश्विनात आमच्या मातोश्री उंबऱ्यात घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, घरी आणले. पण उठवणे, बसवणे, कूस बदलणे हे एकट्या माणसाचे काम नव्हे. घरात आम्ही आणि आमचे कुटुंब, दोघेच. मुलगा नोकरीमुळे लांब. बहीण येते म्हणाली होती, तिच्याच घरी आजारपण निघाले. दशमी उजाडली. सडकेने दिंड्या जाऊ लागल्या. विजापुराकडची कानडी मंडळी आमच्याच रस्त्याने पंढरीस जातात. त्यांचे टाळ रानात ऐकू येत होते. आम्ही धुऊन ठेवलेले उपरणे हातात घेऊन दारात उभे होतो, आणि आतून मातोश्रींनी पाणी मागितले.

पाणी दिले. आणि भांडे खाली ठेवता ठेवता आमच्या तोंडून शब्द गेला, "आये, तुझ्यापायी माझी वारी बुडाली."

त्या काही बोलल्या नाहीत. भिंतीकडे तोंड केले. गळ्यातली तुळशीची माळ बोटांनी चाचपीत राहिल्या. त्या दिवशी आम्ही दोन वेळा हरिपाठ केला आणि एकादशीस निर्जळ उपवास केला. मंडळी, असल्या उपवासाला काय म्हणावे? पोट रिकामे आणि तोंड कडू! पुंडलिकाचे आख्यान आम्ही किती वेळा लावले असेल याची गणती नाही. आई-बापांच्या सेवेत गुंतलेल्या पुत्राने दारी आलेल्या देवाला वीट फेकून दिली आणि थांब म्हटले. देव थांबला, तो आजवर थांबला आहे. ही कथा सांगताना आमचा कंठ दाटून येत असे. आणि आमच्याच घरात बाजेवर माय पडली असता आम्ही वीट कुणावर फेकली? तिच्यावरच फेकली.

पाच-सहा दिवस असेच गेले. आम्ही करीत सगळे होतो, पण तोंड मिटून. एके सकाळी मातोश्री म्हणाल्या, "शाळवाला कोळपणी झाली का रं?"

झाली नव्हती. मन लागत नव्हते. म्हणालो, "पाऊस नाही, पाणी नाही. कोळपून काय उपयोग?"

"आरं, पाऊस न्हाई म्हनूनच कोळपायचं. भुई उलली की पोटातली वल उडून जातीया. एक कोळपणी, अर्धं पाणी."

ही म्हण आम्हांला का ठाऊक नव्हती? पण ठाऊक असणे निराळे आणि वेळेवर कोणी कान धरून सांगणे निराळे. बैल जुंपले आणि शाळवात कोळपे धरले. शेतकरी वाचकांस सांगायला नको. परंतु शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. रब्बीचा शाळू पावसाचे पीक नव्हे. हस्ताच्या सुमारास पेरतात आणि पुढे बहुधा पाऊस म्हणून नाहीच. तरी ते पीक पुरुषभर वाढते, कणसे धरते. कशाच्या जोरावर? भारी काळ्या मातीने पावसाळ्यात जे पाणी पोटात धरून ठेवले त्याच्या जोरावर, आणि थंडीच्या आशीर्वादाने. पण त्या मातीला एक खोड आहे. वरून वाळली की ती उलते. भेगा पडतात, मुळे तटतटा तुटतात, खालची ओल वाऱ्यावर जाते. कोळप्याने वरची माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात आणि आतले पाणी आत राहते. कोळपे नवे पाणी देत नाही. दिलेले राखते.

तास पुरे करून बांधावर बसलो आणि हे मनात आले. आषाढी एकादशीपासून चातुर्मास. चार महिने पोथी, कीर्तन, काकडा, प्रवचन. तो आपला पावसाळा. किती ऐकले! किती मुरले! मग कार्तिकी होते, फड उठतात, ज्याचा तो आपल्या वस्तीवर येतो. आता वरून पाऊस नाही. आता जे मुरले आहे त्यावर उभे राहायचे. आणि आमची भुई तर पहिल्याच उन्हाला उलली! सव्वीस वर्षांची ओल एका भेगेतून निघून गेली. नामस्मरणाचे काम तेव्हा हेच असते. नाम घेतले म्हणून रोज नवा साक्षात्कार होईल असे नाही. पण तोंडात नाम असते तर तो शब्द बाहेर पडायच्या आधी भेग बुजली असती. रोजचा हरिपाठ म्हणजे रोजची कोळपणी. पीक त्याच दिवशी दिसत नाही. ओल मात्र राहते.

मार्गशीर्ष लागला. थंडी वाढली. हरभरा फुलावर आला. मातोश्रींची अन्नावरची वासना गेली होती. चार घास खाल्ले की पोट फुगे. त्या म्हणाल्या, "हरभऱ्याची आंब मिळंल का बघ."

हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते, तिच्यातून आंबट रस पाझरतो. रात्री त्यावर दव पडते आणि तो रस दवात उतरतो. जुनी माणसे रात्री पिकावर स्वच्छ पांढरे धडके पसरून ठेवीत, पहाटे पिळून ती आंब बाटलीत भरीत, आणि अपचनावर थोडी थोडी पाण्यातून देत. आता हे फारसे कोणी करीत नाही. आम्ही घरात धडके शोधू लागलो. स्वच्छ, पांढरे, सुती असे एकच वस्त्र हाताला लागले. ते वारीसाठी धुऊन ठेवलेले उपरणे! क्षणभर हात थांबला. मग तेच घेऊन निघालो.

रात्री हरभऱ्यावर उपरणे अंथरले आणि पहाटे पाहावयास गेलो. अजून उजाडले नव्हते. वारा नाही, पानही हलत नाही. आणि काय सांगावे सज्जनहो, सगळे रान भिजून बसले होते! पाऊस येतो तेव्हा वाजतगाजत येतो. मेघ गडगडतात, पत्रे वाजतात, माणसे ओरडत धावतात. हे दव कधी आले? कुणी पाहिले? कुत्रेसुद्धा भुंकले नाही. उपरणे उचलले तर जड. पिळले तर धार लागली. शाळवाच्या प्रत्येक पात्याच्या टोकाला एकेक थेंब, आणि पूर्वेला उजेड फुटला तसा त्या प्रत्येक थेंबात एकेक सूर्य. चाळीस वर्षांहून अधिक काळ आम्ही त्या रानात वावरलो. पण पहाटे उठलो ते मोट, मोटार, वैरण, दूध यांच्या घाईत. उभे राहून पाहिले ते त्या दिवशी.

दव पडते असे आपण म्हणतो. पण ते वरून पडत नसते. आपल्याभोवतीच्या हवेत पाणी भरलेलेच असते, डोळ्यांना दिसत नाही इतकेच. रात्र निरभ्र असली, वारा शांत असला, की दिवसभर तापलेली पाने आपली उष्णता आकाशाला देऊन टाकतात आणि निवतात. पान पुरेसे निवले की जवळचे अदृश्य पाणी त्याच्यावर थेंब होऊन प्रकट होते. ढगाळ रात्री दव धरत नाही, वादळवाऱ्यातही धरत नाही. लिंबाच्या झाडाखाली कमी, उघड्या रानात जास्त. कारण झाडाखालच्या पानाला आपली ऊब आकाशाकडे टाकता येत नाही.

हेच तर संत सांगतात! देव कुठून यावयाचा नाही. तो भरलेलाच आहे. प्रश्न पानाचा आहे. पान निवले पाहिजे. आम्ही अहंतेने तापलेले, सव्वीस आकड्याच्या आडोशाला बसलेले. आमच्यावर दव धरावे कसे? पंढरीस गेलो असतो तरी तापलेलेच गेलो असतो आणि तापलेलेच परत आलो असतो.

बाटली भरून घरी आणली. मातोश्रींनी दोन चमचे पाण्यातून घेतले, तोंड वेडेवाकडे केले आणि कित्येक दिवसांनी हसल्या. मग त्यांचे लक्ष त्या ओल्या उपरण्याकडे गेले. हाताने चाचपून म्हणाल्या, "हे वारीचं न्हवं?"

आम्ही म्हणालो, "वारीचंच. कामी आलं."

त्यानंतर पौर्णिमेच्या आसपासची गोष्ट. संध्याकाळी मातोश्रींना बाहेर बसावेसे वाटले. आम्ही दोघांनी बाज उचलून अंगणात आणली, अंगावर वाकळ घातली. पूर्वेकडून चंद्र वर आलेला, त्याच्या जवळच मृग. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण चांदण्यातही स्पष्ट दिसत होता. पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाच्या जवळ असतो म्हणून तर या महिन्याचे नाव मार्गशीर्ष. मातोश्रींची नजर आता अधू झाली आहे. त्यांनी विचारले, "मिरग निगाला का?"

निघाला म्हणालो. त्या म्हणाल्या, "गंमत हाय बघ. मिरगाचा पाऊस पडतो तवा मिरग दिसत न्हाई. आन् दिसतो तवा पाऊस न्हाई."

आम्ही पाहतच राहिलो. खरेच की! जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी मृग निघतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो. मृग सूर्याबरोबर उगवणार, सूर्याबरोबर मावळणार. दिवसाच्या उजेडात तो दिसणार कसा? ज्या दिवसांत त्याच्या नावाने पाऊस येतो, बी उगवते, त्या दिवसांत तो स्वतः झाकलेला. आणि सहा महिन्यांनी, दाणा घरात आला, रान हिरवे झाले, की तो गुपचूप संध्याकाळी पूर्वेला उभा राहतो. मागत काही नाही. कोणी पाहिले तर पाहिले.

आमच्या डोळ्यांत पाणी आले. धीर करून म्हणालो, "आये, दशमीला मी बोललो ते चुकलो."

त्या काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बोलतं मानूस. तुजा बा बी बोलायचा." थोडे थांबून पुढे म्हणाल्या, "माजी बी वारी व्हती की रं. माहेरची. लगीन झालं आन् चुकली. तुमी पाच भावंडं. दर कार्तिकीला कोन ना कोन अंगावर पेतं, न्हाईतर तापानं निजल्यालं. गुरं व्हती, शाळू व्हता. तुजा बा जायाचा. मी हितनंच हात जोडायची."

आम्ही विचारले, "कधी बोलली नाहीस ती?"

"काय बोलायचं? इठोबा हितं येत न्हवता का?"

सज्जनहो, त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. वडिलांची अखंड वारी, तिच्यावर आमची अखंड वारी, आणि त्या दोन्हींच्या खाली, मातीत मुरलेल्या पाण्यासारखी, एका बाईची चुकलेली वारी! चाळीस-चाळीस वर्षे चुकलेली, आणि कुणाला न सांगितलेली. ती मागे राहिली म्हणून आम्ही पुढे जाऊ शकलो. आम्ही बुक्का लावून परत आलो की गाव पाया पडे. तीही पाया पडे! आमच्या आयुष्यावर जो मृग सदा बरसत होता, तो आम्हांला तोवर दिसला नव्हता. त्या मार्गशीर्षात दिसला.

यावर कोणी म्हणेल, "बुवा, मग वारीच नको! घरी बसावे, दव पाहावे." तसे नव्हे. आळसाने चुकविलेली वारी आणि सेवेने चुकलेली वारी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अंथरुणातून उठवत नाही म्हणून जो पंढरीस जात नाही, त्याने अरणच्या सावतोबांचे नाव पुढे करू नये. सावता महाराजांनी शके १२१७, सन १२९५ मध्ये देह ठेवला. मळा सोडून ते पंढरीस गेले नाहीत, देवच मळ्यात आला, असे परंपरा सांगते. पण ते मळ्यात निजून नव्हते, राबत होते. आणि राबता राबता त्यांचे नाम चालू होते. सन २०२० मध्ये महामारीमुळे आषाढीची पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एस.टी.च्या गाड्यांतून पंढरीस गेल्या, आणि लाखो वारकऱ्यांनी घरातूनच हात जोडले. तेव्हा सगळे हळहळले. त्या हळहळीत वर्षानुवर्षे घरातून हात जोडणारीची आठवण कितीजणांना झाली? आम्हांला तरी झाली नव्हती, हे कबूल करतो.

म्हणून वारीस अवश्य जावे. पण निघताना उंबऱ्यात थांबून इतके पाहावे की, मागे कोण राहिले आहे. गुरांना वैरण कोण टाकणार, म्हाताऱ्याला कुशीवर कोण वळवणार, तान्ह्याला कोण घेणार. तिला, त्याला, नमस्कार करून मग पाऊल उचलावे. परत आल्यावर चुरमुऱ्यांचा प्रसाद आणि बुक्का पहिल्याने तिच्या हातावर द्यावा. आणि दोनातले एक वर्ष तरी आपण मागे राहून तिला पाठवावे.

त्याच्या पुढच्या वर्षी कार्तिकीस आमचे कुटुंब गेले. लग्नानंतरची त्यांची ही पहिली कार्तिकी. उपरणे न्यायला दिले. धुतले तरी त्यावर आंबेचे पिवळट डाग राहिले होते, ते त्यांनी तसेच नेले. आम्ही वस्तीवर राहिलो. मातोश्रींना आता काठीने चार पावले टाकता येतात, त्यापुढे नाही. एकादशीच्या पहाटे त्यांना तुळशीपाशी आणून बसवले. पाने दवाने भिजलेली होती. त्यांनी एक पान चाचपले, ओले बोट आपल्या डोळ्यांना लावले, मग आमच्या कपाळाला लावले. सडकेवरून शेवटच्या दिंडीचे टाळ जात होते. आम्ही दोघांनी हात जोडले.

अठ्ठाविसावी झाली की चुकली, हे आम्ही मोजले नाही.

रामकृष्णहरि.